यादी करू नकोस

लेकी,

तुझा फोन आला तेव्हा मी रानात मुगाच्या शेंगा तोडत होतो, नीट बोलता आलं नाही. घटक चाचणीत दोन विषयांत 35च्या खाली गेलेल्या पोरांना खो-खोच्या संघातून काढायचंय, त्यांची यादी मुख्याध्यापकांनी मागितली आहे आणि तू पेचात आहेस. यात पेच कसला? यादी करू नकोस.

मी केली होती. दहावीतलं एक पोरगं एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी, असं पळायचं की पाठलाग करणारा दमून खांब धरायचा. गणितात 11 गुण. घरी बसून अभ्यास करील म्हणून मी त्याचं नाव खोडलं. अभ्यास राहिला बाजूला, पोरानं शाळाच सोडली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर कोयत्यावर, ऊसतोडीला गेलं. पट्टा पडल्यावर, कारखान्याचा हंगाम संपल्यावर गावात आलं, शाळेत काही आलं नाही.

गरिबीनं गेलं असं सगळे म्हणाले. बापानं मुकादमाकडून उचल घेतली होती, खरंय. पण उचल आदल्या सालीही घेतली होती की! तेव्हा पोरगं म्हातारीजवळ राहिलं, कारण सकाळी सातला मैदानावर आठजण त्याची वाट बघायचे. आमचा निकाल त्या वर्षी चांगला लागला. लागणारच, नापास होणारं पोर परीक्षेलाच नव्हतं.

लातूर पॅटर्नची हवा होती तेव्हा. संस्थेचा माणूस दारात आला की आधी टक्का विचारायचा. मी साधा शिक्षक, माझ्या एकट्याच्या हातात काय होतं? खोडायचा पेन होता. असो.

आता तुझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. सराव शाळा सुटल्यावर ठेवलास ना? मानव विकास योजनेच्या, शाळकरी पोरींसाठीच्या निळ्या बसनं येणाऱ्या पोरी थांबणार कशा? बस चुकली तर अंधारात पाच किलोमीटर कोण सोडणार त्यांना? म्हणजे वस्तीवरच्या पोरी तू बोलली नाहीस तरी कटल्या. ही पण यादीच, फक्त कागदावर नाही. सराव वेळापत्रकात घे, शेवटच्या तासाला. विज्ञानवाले सर तो तास मागायला येतील. द्यायचा नाही. मी मुख्याध्यापक झाल्यावर दहा वर्षं दिला नाही, लोक मला हेकट म्हणाले, अजूनही म्हणतात.

गणिताचं काय, हे विचारशीलच. सरावाआधी वीस मिनिटं तिथंच लिंबाखाली वह्या काढायला लाव. उदाहरण चुकलं तर चुकू दे, खो मात्र मिळाला पाहिजे. गणित ही खेळाची शिक्षा झाली की पोरगं दोन्ही सोडतं.

स्नेहसंमेलनाचा उलटा घोळ असतो. नाचात, नाटकात, भाषणात तीच ती आठ हुशार लेकरं, आणि तालमीपायी महिनाभर तास बुडालेले. एका लेकराला दोनच गोष्टी, इथं कडक राहा. नाव खोडायची हौस असेल तर हुशारांचं तिसरं नाव खोड.

आणि मुख्याध्यापकांपुढं अविनाश साबळेचा दाखला देऊ नकोस. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं पोर, 2023ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं, ऊर भरून येतो. पण तुझं पोर साबळे होणार नाही. वाढीव क्रीडागुणांचंही आमिष दाखवू नकोस, तालुक्यालाच हरणाऱ्या संघाला ते कुठले? त्यांना एवढंच सांग, पोर मैदानावर आलं तर वर्गात येतं. संघातल्या पोरांची गेल्या वर्षीची हजेरी काढून टेबलावर ठेव.

ओरडतील. माझं नाव सांग हवं तर. त्यांचं माझ्याविषयी मत काही फार बरं नाही, तरी सांग.

रविवारी ये, मूग घेऊन जा. येताना हजेरीपत्रक आण. सगळ्यात कमी गुणवालं पोर कुठल्या वस्तीवरचं आहे आणि त्याच्या घरी म्हातारी आहे का, ते मला बघायचंय.

तुझा,
सर