परमिटं वाढली एवढ्यावर विलिस्टनमध्ये घर घेऊ नका

ताई, तुम्ही विचारलंय की धाकट्या भावाला नॉर्थ डकोटात विलिस्टनला फ्रॅकिंग (विहिरीत दाबाने पाणी-वाळू सोडून खडक फोडणं, म्हणजे तेल मोकळं होतं) करणाऱ्या ठेकेदाराकडे काम मिळतंय, ड्रिलिंगची परमिटं वाढल्याच्या बातम्या येताहेत, तर कुटुंब नेऊन तिथे घर घ्यावं का. मी २०११ ते २०१६ तिथे होतो आणि आजही तिथला रोजचा अहवाल वाचल्याशिवाय माझी सकाळ होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे शेतात बोअर मारतात ते आठवा. गाडी येते, भोक पाडते, केसिंग टाकते आणि निघून जाते. पाणी वर येतं ते मोटार सोडल्यावर. बोअर झालाय पण मोटारीला पैसे नाहीत, अशी शेतं गावोगाव दिसतात. बाकेनमधली, म्हणजे विलिस्टनच्या आसपासच्या तेलपट्ट्यातली, तेलविहीर याच वाटेने जाते. फक्त ती दोन मैल खाली आणि मग दोन-तीन मैल आडवी असते. परमिट म्हणजे बोअर मारायचा विचार पक्का झाला, एवढंच. रिग म्हणजे बोअरची गाडी. आणि तुमच्या भावाचं काम गाडी गेल्यानंतरचं, म्हणजे मोटार सोडण्याच्या टप्प्यावरचं आहे. त्यामुळे परमिटांचा आकडा त्याच्या पगारापासून फार लांब असतो.

राज्याचा ऑइल अँड गॅस डिव्हिजन कामाच्या दिवशी रोज डेली ॲक्टिव्हिटी रिपोर्ट काढतो. कोणाला परमिट मिळालं, कोणाचं रद्द झालं, कोणती विहीर फ्रॅकिंगसकट पूर्ण होऊन उत्पादनाला लागली, कोणत्या विहिरीची गोपनीयता संपली, सगळं त्यात असतं. नवीन माणूस वरची परमिटं वाचतो आणि थांबतो. मी आधी खालचा, पूर्ण झालेल्या विहिरींचा भाग वाचतो. कंपनीने मागितलं तर विहिरीची माहिती सहा महिने झाकून ठेवता येते. म्हणून आज उघड झालेली विहीर ही निदान अर्ध्या वर्षापूर्वीची गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवा.

प्रत्येक विहिरीपुढे तिची अवस्था लिहिलेली असते. एलओसी म्हणजे जागा मंजूर, डीआरएल म्हणजे ड्रिलिंग चालू, एनसी म्हणजे ड्रिलिंग झालं पण विहीर अजून पूर्ण झालेली नाही, ए म्हणजे चालू विहीर. विहिरीचा ओळख क्रमांक, म्हणजे एपीआय क्रमांक, ३३ ने सुरू होतो, तो राज्याचा. पुढचे तीन अंक काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे : मॅकेंझी ०५३, माउंट्रेल ०६१, विलियम्स १०५, डन ०२५. खरा धंदा या चारच काउंट्यांत आहे. बाकी ठिकाणच्या परमिटांकडे मी फारसं बघत नाही.

आता परमिटांवर विसंबून काय होतं ते सांगतो. २०१४ च्या शरद ऋतूत राज्यात १९० च्या आसपास रिग होत्या आणि महिन्याला अडीचशे-तीनशे परमिटं निघत होती. त्या आकड्यांवर भरवसा ठेवून मी एका मित्राला पाणी वाहणारा ट्रक कर्जाने घ्यायला लावला. तेलाचा भाव मात्र जूनपासूनच उतरायला लागला होता, ते मी पाहूनही मनावर घेतलं नाही. मे २०१६ मध्ये रिग ३० च्याही खाली आल्या. ट्रक गेला, आणि मित्र अजूनही माझ्याशी नीट बोलतो हा त्याचा मोठेपणा. त्याच काळात ड्रिलिंग झालेल्या पण फ्रॅकिंग न केलेल्या हजारेक विहिरी राज्यात पडून होत्या. कंपन्या तेलाचा भाव चढण्याची वाट बघत होत्या आणि फ्रॅकिंगवाले घरी बसले होते.

परमिटं वाढण्याची कारणंही साधी असतात. गोठलेल्या जमिनीवर पॅड, म्हणजे विहिरींसाठी सपाट केलेली जागा, बांधणं जिकिरीचं, वसंतात बर्फ वितळला की काउंटी रस्त्यांवर जड वाहनांना मर्यादा घालते, म्हणून कंपन्या परमिटांचा साठा आधीच करून ठेवतात. एका पॅडवर सहा-आठ विहिरींची परमिटं एकाच दिवशी येतात आणि आकडा उगाच फुगतो. फोर्ट बर्थोल्ड या मूळनिवासी जमातींच्या आरक्षित क्षेत्रात केंद्र सरकारचीही परवानगी लागते, तिथलं राज्याचं परमिट अर्धीच कहाणी सांगतं.

रिगच्या आकड्यानेही फसायला होतं. सगळ्यात जास्त रिग, २१८, होत्या मे २०१२ मध्ये. महिन्यातली सर्वाधिक परमिटं, ३७०, निघाली त्याच वर्षी ऑक्टोबरात. उत्पादनाचा उच्चांक मात्र, दिवसाला १५ लाख बॅरलच्या वर, झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि तेव्हा रिग होत्या साठच्या आसपास. रिग आता एका पॅडवर विहिरीवरून विहिरीवर स्वतः सरकते, विहीर लांब झाली आणि दिवस कमी लागतात. म्हणजे तेल वाढलं तरी माणसं तेवढी लागत नाहीत. नोकरी करणाऱ्याने हे सगळ्यात आधी समजून घ्यावं.

भावासाठी बघायचं ते हे : राज्याच्या मासिक अहवालात, ज्याला डायरेक्टर्स कट म्हणतात, महिन्यात पूर्ण झालेल्या विहिरी आणि पूर्ण व्हायच्या बाकी असलेल्या विहिरी दिलेल्या असतात. पूर्ण होणाऱ्या वाढताहेत आणि बाकी विहिरींचा साठाही टिकून आहे, तर त्याच्या क्रूला काम आहे. साठा घटतोय आणि रिगही घटताहेत, तर सहा-आठ महिन्यांत काम आटेल. हे आकडे सुमारे दोन महिने मागचे असतात, तेव्हा सोबत तेलाचा भाव ठेवा. भाऊ पंपर असता, म्हणजे चालू विहिरींवर रोज फेरी मारणारा, तर मी इतकी काळजी केली नसती. विहीर एकदा चालू झाली की तिला वर्षानुवर्षं माणूस लागतो.

घर मात्र घेऊ नका. १९८० च्या सुमाराची तेजी ओसरल्यावर विलिस्टनमध्ये रस्ते-गटारं घालून आखलेले प्लॉट कित्येक वर्षं रिकामे पडले आणि त्यांचं कर्ज गावाच्या डोक्यावर राहिलं. पहिला हिवाळा त्याने एकट्याने भाड्याच्या घरात काढावा. वहिनी आणि मुलं आहेत तिथेच राहू द्या, मुलांची शाळा मोडू नका.

आणि होकार देण्याआधी त्याने ठेकेदाराला विचारावं : तुमचे क्रू किती, ते कोणत्या तेलकंपनीसाठी काम करतात आणि करार कधीपर्यंत आहे. कंपनीचं नाव कळलं की इथे कळवा. तिच्या एनसी अवस्थेतल्या विहिरी राज्याच्या नकाशावर कशा मोजायच्या ते मी तुम्हाला दाखवतो, तासाभराचं काम आहे.