एअर-कूल्ड बीटल तापतेय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळा लागला की जुन्या फोक्सवॅगन बीटलवाल्यांची पत्रं सुरू होतात. निम्म्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: 'मेकॅनिक म्हणतो, जुनं इंजिन आहे, तापणारच.' हे पटण्यासारखं नाही. या गाडीला रेडिएटर नाही, पाणी नाही, वॉटर पंप नाही. आहे तो एक पंखा, त्याभोवतीचे पत्रे आणि अडीच लिटर ऑइल. एवढ्यावर ती नवी असताना वाळवंटातही चालली. आता तापत असेल तर वारा कुठेतरी अडतोय, गळतोय किंवा गरम होऊन परत आत येतोय. आधी तिथे बघा, इंजिन उतरवायचं नंतर.

प्रश्न (पुणे): माझी १९७२ची १६०० सीसीची बीटल, एक कार्ब्युरेटर. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढला की माथ्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. थोडी रेस दिली की विझतो. घाटात मी तिसऱ्या गिअरमध्ये ४०च्या आसपास ठेवतो, इंजिनवर ताण नको म्हणून. ऑइल पंप बदलू का?

उत्तर: पंप राहू द्या, आधी गिअर बदला. ताण नको म्हणून तुम्ही जे करताय, त्यानेच ताण येतोय. पंखा डायनमोच्या दांड्यावर बसवलेला आहे आणि डायनमो क्रँकच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे पंख्याचे फेरे इंजिनच्या फेऱ्यांना बांधलेले, साधारण पावणेदोन पट. गाडीचा वेग किती, याच्याशी पंख्याला काही देणंघेणं नाही. १६००च्या नेहमीच्या गिअरबॉक्सवर ताशी ४० किलोमीटरला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला जेमतेम १६०० फेरे करतं, दुसऱ्यात तेच २७००च्या आसपास जातं. तिसऱ्यात तुम्ही ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेला असतो, म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा अर्धा. घाट दुसऱ्यात चढा, ॲक्सिलरेटर थोडा सैल ठेवा. आवाज वाढेल, वाढू दे. माथ्यावर पोहोचल्यावर लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, हेडमधली उष्णता पंख्याला ओढून घेऊ द्या.

एवढं करूनही दिवा लुकलुकला तर तापमान मोजा. डिपस्टिकच्या जागी बसणारा थर्मामीटर मिळतो. ऑइल ८० ते १०० अंशांत असेल तर उत्तम. लांब घाटात ११०पर्यंत गेलं तर घाबरू नका, १२०च्या वर मात्र थांबा. तापमान ठीक असूनही दिवा लागत असेल तर आधी प्रेशर स्विच बदलून पाहा, तो स्वस्त आहे. मग खऱ्या गेजने दाब मोजा: इंजिन गरम असताना २५०० फेऱ्यांना सुमारे २ बार तरी मिळायला हवा.

तापमान जास्त आणि दाब कमी, असं दोन्ही असेल तर इंजिनच्या खालून प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह काढा. मोठी खाच असलेला बोल्ट, त्यामागे स्प्रिंग आणि प्लंजर. हा प्लंजर उघड्या अवस्थेत अडकला की ऑइल त्याला थंड करणाऱ्या कूलरला चुकवून थेट परत जातं, मग ते थंड होणार कसं? प्लंजरवर ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. भोकात तो बोटाने सहज सरकला पाहिजे. ऑइल २०डब्ल्यू-५० चालेल, मात्र पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला असू द्या. या इंजिनात ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. म्हणून ५००० किलोमीटरला ऑइल बदलायचंच. जाळीच्या प्लेटचे सहा छोटे नट हलक्या हाताने आवळा, जोर लावला की स्टड क्रँककेसमधून उपटून येतात.

प्रश्न (म्हापसा): १९६८ची १५००. खाऱ्या हवेने इंजिनचे पत्रे गंजले होते, ते गॅरेजवाल्याने काढून टाकले. इंजिन मोकळं दिसतं, हवा लागेल असं तो म्हणाला. आता अर्ध्या तासात मागचं झाकण हात लावू देत नाही. झाकण थोडं उघडं ठेवून चालवू का?

उत्तर: मोटरसायकलचं इंजिन मोकळ्या वाऱ्यात असतं, बीटलचं नाही. तिथे वाहता वारा पोहोचतच नाही. पंखा ४००० फेऱ्यांच्या आसपास सेकंदाला सुमारे ५०० लिटर हवा ओढतो. ती हवा पत्र्यांच्या बोगद्यातून सिलिंडरच्या पंखांमधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, खाली ढकलली जाते. पत्रे हा बोगदा आहे. तो नसेल तर हवा सगळ्यात सोप्या वाटेने बाहेर पडते आणि हेडचे पंख कोरडेच राहतात. दुसरं कामही पत्रेच करतात: इंजिनाची खोली दोन मजल्यांत विभागतात. वर थंड हवा, खाली तापलेली हवा आणि सायलेन्सर. मधला मजला नसेल तर पंखा सायलेन्सरवरची हवा ओढून पुन्हा इंजिनावर सोडतो.

तेव्हा पत्रे परत बसवा. जुने भंगारातले मिळाले तर नव्या क्रोमच्या सेटपेक्षा ते घ्या, कारण क्रोमचे पत्रे नीट बसत नाहीत आणि काळ्या रंगाइतकी उष्णताही सोडत नाहीत. गंज घासून हीट-प्रूफ काळा रंग मारला की झालं. सिलिंडरवरचे दोन मोठे पत्रे, पुलीमागचा पत्रा, मागचा एप्रन, इनटेक मॅनिफोल्डच्या नळीभोवतीचे छोटे तुकडे आणि सिलिंडरच्या खाली दोघांच्या मधे बसणारे वक्र डिफ्लेक्टर, एवढे सगळे हवेत. शेवटचे डिफ्लेक्टर ओव्हरहॉलमध्ये हरवण्यात पटाईत.

बसवल्यावर रात्री एक तपासणी करा. गाडीखाली पेटता दिवा ठेवा, गॅरेजमधला दिवा घालवा आणि मागचं झाकण उघडून आत पाहा. जिथे खालचा उजेड दिसेल तिथून गरम हवा वर येते. बहुतेकदा उजेड इंजिनाभोवतीच्या रबरी सीलमधून दिसेल, ते पन्नास वर्षांत दगड झालेलं असतं. मग प्लगच्या टोप्या: त्यांना पत्र्याचं भोक झाकणारी रबरी चकती असते, साध्या टोप्यांना नसते. हीटरचे पाइप काढलेले असतील तर पंख्याच्या घरट्याला, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या आवरणाला, दोन बाजूंना दोन तोंडं उघडी राहिलेली असतात. त्यांतून मोलाची थंड हवा नुसती वाया जाते. हीटर नको असेल तर ती तोंडं पत्र्याने पक्की बंद करा.

झाकण बंदच ठेवा. उघडं ठेवलं की गाडीमागची गरम हवा आत येते. उभी गाडी थंड करायला उघडलं तर चालेल.

प्रश्न (नाशिक): गेल्या वर्षी १३००चं ओव्हरहॉल केलं, दोन्ही हेड नवी आणली. तेव्हापासून गाडी जास्त तापते. तीन नंबरच्या एक्झॉस्टचं टॅपेट दर हजार किलोमीटरला घट्ट होतं.

उत्तर: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीमागची फट, घट्ट होतंय ते हलक्यात घेऊ नका. टॅपेट झिजून सैल होतात. घट्ट होणं म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ताणली जातेय किंवा सीट हेडमध्ये रुततेय. पुढची पायरी म्हणजे व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं, आणि मग हेड, पिस्टन, कधी कधी केससुद्धा जातं. तो व्हॉल्व्ह बदलेपर्यंत लांबचा प्रवास करू नका.

तीनच नंबर का? तुमच्या पिढीच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या घरट्याच्या आत, डाव्या बाजूला उभा असतो. त्याच्या मागे तीन नंबरचा सिलिंडर. म्हणजे त्याला मिळते ती कूलरने अडवलेली आणि कूलरनेच तापवलेली हवा. कंपनीला हे ठाऊक होतं, म्हणून त्या काळातल्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मुद्दाम थोडं मागे ठेवलेलं असे. १९७१च्या मॉडेलपासून कूलर वेगळ्या पेटीत नेला आणि त्याची गरम हवा बाहेर सोडली. याला गॅरेजमध्ये डॉगहाऊस म्हणतात. तो सेट तुमच्या इंजिनावर बसवता येतो, पण नुसतं घरटं आणू नका: कूलर, त्याचा ब्रॅकेट, रुंद पंखा आणि गरम हवा बाहेर नेणारा पत्रा, सगळं एकत्र घ्या. कूलरखालच्या रबरी सीलची भोकं केसशी जुळतात का, तेही पाहा.

पण तुमचा त्रास नव्या हेडनंतर सुरू झालाय, त्यामुळे माझा संशय आधी हेडवरच. बाजारातल्या नव्या हेडमध्ये पंखांच्या मधल्या फटी ओतकामाच्या उरलेल्या पडद्याने बुजलेल्या असतात. एक्झॉस्ट पोर्ट आणि प्लगच्या मधल्या फटी, म्हणजे सगळ्यात तापणारी जागा, तिथेच हा पडदा जास्त सापडतो. हेड उतरवून उजेडासमोर धरा. पंखांतून आरपार दिसायला हवं. नसेल तर लांब ड्रिल आणि बारीक कानशीने मोकळं करा, मात्र पंखांच्या मुळाला धक्का लावू नका. व्हॉल्व्हसाठी हेड उतरतंच आहे, तेव्हाच हे उरकून घ्या. वरचं घरटं निघालंय तर कूलरच्या जाळीतली ऑइल-धुळीची चिकट माती धुऊन काढा. गाडी पावसाळाभर उभी होती का? मग सिलिंडरवर उंदराने चिंध्यांचं घर केलेलं मिळालं तरी नवल वाटायला नको.

टॅपेट नेहमी थंड इंजिनावर, रात्रभर उभ्या गाडीवर लावा. बहुतेक १३०० ते १६००ना दोन्ही व्हॉल्व्हला ०.१५ मिलिमीटर, पण घरट्यावर स्टिकर शिल्लक असेल तर त्याचा आकडा पाळा. गाडीच्या पुढच्या दिशेला तोंड करून पाहिलं तर उजवीकडे पुढे एक, मागे दोन. डावीकडे पुढे तीन, मागे चार. रोटर डिस्ट्रिब्युटरच्या काठावरच्या खाचेवर आला की एक नंबर लावा. मग क्रँक पुली उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, अर्धा फेरा फिरवा की दोन, पुन्हा अर्धा की तीन, मग चार. फायरिंग ऑर्डर १-४-३-२ असल्यामुळे उलटं फिरवलं की आकडे सरळ येतात.

टायमिंगही पाहा. बॉशचा ००९ डिस्ट्रिब्युटर असेल तर ३५०० फेऱ्यांना टायमिंग लाइटखाली २८ ते ३२ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. कानाने लावलेलं टायमिंग पिकअप छान देतं आणि हेड भाजतं.

प्रश्न (ठाणे): पंपावर आता २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. गाडी गरम वाटते, पिकअपला अडखळते. संबंध आहे का?

उत्तर: आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या गाडीतला कॉम्प्युटर इंधन वाढवून घेतो. तुमचा सोलेक्स कार्ब्युरेटर जेटच्या भोकाएवढंच सोडणार, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण गरम जळतं. प्लग काढून पाहा: तपकिरी-राखाडी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मेन जेट वाढवा. सोलेक्सच्या ३४ पिक्ट-३ मॉडेलमध्ये सहसा १२७.५चं असतं, १३० किंवा १३२.५ लावून परत प्लग पाहा. जेट बदलण्याआधी मॅनिफोल्डच्या रबरी जोडांवर हवा चोरली जात नाही ना, याची खात्री करा, नाहीतर दुखणं एक आणि औषध दुसरं.

त्याहून तातडीचं म्हणजे पेट्रोलच्या नळ्या. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, चिरतं. इथेनॉलला टिकणारी नळी लावा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. प्लास्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लटकवलेला असेल तर आजच काढा, तो पुढे टाकीखाली लावा. बीटल जळतात त्या बहुतेक याच कोपऱ्यातून.

प्रश्न (कोल्हापूर): चालता चालता चार्जिंगचा लाल दिवा लागला. बॅटरी भरलेली होती म्हणून तसंच दहा किलोमीटर घरी नेलं. काही बिघडलं असेल का?

उत्तर: पट्टा तुटला असेल तर हो, कारण या गाडीत तोच पट्टा पंखा फिरवतो. चार्जिंगचा दिवा दिसला की तिथल्या तिथे बाजूला घेऊन पट्टा पाहा. पट्टा शाबूत असेल तर घरापर्यंत जायला हरकत नाही. तुटला असेल तर पट्टा बदला, नाहीतर टोचन करून न्या. तुम्ही आता कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि टॅपेट मोजा.

पट्टा बदलणं दहा मिनिटांचं काम. डायनमोच्या पुलीच्या आतल्या भागाला खाच असते. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून डायनमोच्या बोल्टला टेकवा म्हणजे पुली फिरत नाही, आणि २१च्या पान्याने नट सोडा. पुलीच्या दोन भागांच्या मधे पातळ शिम असतात. मधला शिम काढला की पट्टा घट्ट होतो, घातला की सैल. काढलेला शिम नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधावा लागत नाही. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. नवा पट्टा शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

प्रश्न (न्यू जर्सी): इंजिनखालचा थर्मोस्टॅट आधीच्या मालकाने काढलाय. परत बसवू?

उत्तर: तुमच्याकडे हिवाळा आहे, बसवाच. तो नसताना इंजिन वेळेत गरम होत नाही आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. १९६५नंतरच्या गाड्यांत तो ६५ ते ७० अंशांना घरट्यातल्या झडपा उघडतो. खराब झाला तर उघड्याच राहतात, त्यामुळे भीती नाही. इथल्या वाचकांनी काढला असेल तर निदान झडपा जागेवर आहेत आणि स्प्रिंगने पूर्ण उघडतात, एवढं पाहा. झडपाच काढून फेकल्या असतील तर हवेची वाटणी बिघडते.

प्रश्न (मुंबई): ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. कुणी म्हणतं कॉइल, कुणी म्हणतं पेट्रोलची वाफ. पाणी ओतून थंड करू का?

उत्तर: पाणी इंजिनावर कधीच नाही, तापलेल्या हेडला चीर जाईल. बंद पडल्या क्षणी एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटल ओढा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर इंधन येतंय, मग प्लगची ठिणगी पाहा. ती नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देतोय. दोन्ही बदलायला सोपे आहेत, सुटे जवळ ठेवा. धार नसेल तर वाफ धरलीय: फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका, तेवढ्या पाण्याला हरकत नाही. दोन-तीन मिनिटांत धार आली तर निदान पक्कं. मग पेट्रोलची धातूची नळी इंजिनाच्या पुढच्या पत्र्यातून वर येते तिथलं रबरी ग्रोमेट शोधा. बहुधा ते नसेलच, आणि नळी थेट गरम पत्र्याला घासत असेल.