शाळा बघायला जाताय? आधी वेळापत्रक मागा

मुलीसाठी पहिल्यांदाच माध्यमिक शाळा शोधताय, आणि तिथे अभ्यासासोबत कलेलाही वाव हवाय, तर गोंधळ होणारच. मी दोन मुलांसाठी हे सगळं केलंय, म्हणून मोजकंच सांगते.

शाळेचं नाव बरेचदा 8-10 वर्षांपूर्वीच्या निकालांवर उभं असतं. तेव्हाचे मुख्याध्यापक, शिक्षक आज आहेत का, ते विचारा. शिवाय हुशार मुलं निवडून घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. त्यात शिकवण्याचा वाटा किती, हे त्यावरून कळत नाही.

कलेच्या बाबतीत स्नेहसंमेलनाला भुलू नका. (मी भुलले होते!) रंगमंचावर दरवर्षी तीच 20 मुलं दिसतात. त्यापेक्षा:

- वरच्या वर्गांचं वेळापत्रक मागा. चित्रकला, संगीताचे तास तिथे टिकतात, की परीक्षा जवळ आली की गणिताला जातात?
- कलाशिक्षक पूर्णवेळ आहेत का?
- भिंतीवरची सगळी चित्रं एकसारखी असतील, तर फळ्यावरून उतरवलेली समजा.

शाळा सुटताना फाटकाबाहेर पालकांशी बोला, शक्यतो मोठ्या मुलांच्या. तुमच्या मुलीलाही सोबत न्या आणि तिला काय दिसलं ते घरी आल्यावर विचारा. शिष्यवृत्त्या, कलेच्या प्रवेशपरीक्षा वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका.