शेततळ्यात बायोफिल्म: पुडी नको, बांबू टांगा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. भंडारा जिल्ह्यात ३० बाय ३० मीटरचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, आषाढात रोहू, कटला, मृगळची २,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. आता भादव्याच्या झडीत पहाटे मासे वर येऊन आ वासतात, पाणी गडद हिरवं झालंय, वास मारतंय. दुकानदार बायोफिल्मची, म्हणजे पाण्यातल्या वस्तूंवर धरणाऱ्या जिवाणूंच्या थराची, पुडी घ्या म्हणतो, ती घ्यावी की तणस (धानाचा पेंढा) टाकून घरच्या घरी जमेल, हे तुम्हाला हवंय.

पुडी घेऊ नका. आणि तणस तर आत्ता अजिबात टाकू नका.

तणसाचं आधी सांगतो, कारण त्यात मासे हातचे जातील. तणस कुजायला लागलं की जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. तुमच्या तळ्यात पहाटेपर्यंत तो संपतच आलेला असतो, म्हणून तर मासे वर येतात. झडीत शेवाळाला ऊन नाही, त्यामुळे दिवसा ऑक्सिजन कमी बनतो. रात्री मात्र शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळेच तो वापरत राहतात. झडी उघडेपर्यंत खाद्य बंद ठेवा. पहाटे तीनपासून ऊन वर येईपर्यंत तळ्यातलंच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखं तळ्यातच पाडा. शेताच्या लाइनची पाळी रात्रीची असेल तर बरंच, नसेल तर डिझेल इंजिन भाड्याने आणा. मोरचूद टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही जाईल.

दुसरं म्हणजे बोटुकली जास्त झाली. हवा द्यायची सोय नसलेल्या तळ्यात हेक्टरी ५,००० ते १०,००० धरतात. तुमचं तळं ९०० चौरस मीटर, म्हणजे ४५० ते ९००. निम्म्याहून जास्त बोटुकली दुसऱ्या बोडीत (मातीच्या तळ्यात) हलवा किंवा विका. हे केल्याशिवाय बायोफिल्मचा काही उपयोग नाही, मी कितीही तिचा भक्त असलो तरी.

आता बायोफिल्म. पाण्यात कोणतीही वस्तू राहिली की तिच्यावर जिवाणू, शेवाळ आणि बारीक जीवांचा बुळबुळीत थर धरतो, तीच ही. तिचे जिवाणू तुमच्या पाण्यात आजही आहेत, विकत आणायची गरज नाही. त्यांना धरून बसायला जागा नाही, ही खरी अडचण. मातीच्या बोडीत तळ, काठ, गवत असतं. प्लास्टिकच्या तळ्यात गुळगुळीत कागद, आणि खोल भागात त्यावर उजेडही पोचत नाही.

हा थर दोन कामं करतो. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. थरातले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, जे माशाला फारसं बाधत नाही. शेवाळ काही अमोनिया थेट उचलतं. दाट हिरव्या पाण्यात याला फार महत्त्व आहे, कारण दुपारी पीएच चढतो आणि त्याबरोबर अमोनियाचं विषही. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ८ ला एकूण अमोनियातला सात-आठ टक्केच विषारी रूपात असतो, पीएच ९ ला जवळपास निम्मा. पण १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे बायोफिल्मलाही श्वास हवाच. क्षारताही (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) खर्च होते, म्हणून पाणी तपासून गरज असेल तर शेतीचा चुना द्या. फक्त पीएच चढलेला असताना कळीचा चुना टाकू नका.

दुसरं काम खाद्याचं. रोहू हा थर खरवडून खातो. बांगलादेशात बांबूवर आणि मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात उसाच्या चिपाडावर जे प्रयोग झाले, त्यांत रोहूची वाढ चांगली दिसली. कटला वरच्या पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा, त्याला थेट फायदा कमी. म्हणून पुढच्या वर्षी रोहूचं प्रमाण वाढवा.

लावायचं कसं, तर बांबू. पऱ्हाटी फुकट मिळते, पण आपल्याकडे कपाशीवर किती फवारण्या होतात ते तुम्ही जाणता. ती पाण्यात नकोच. दोन इंच जाडीचा, वीस फुटी वाळलेला बांबू उभा चिरून दोन फाका करा, पाच-पाच फुटांचे तुकडे पाडा. एका बांबूचे आठ तुकडे होतात, प्रत्येकाला दोन्ही अंगांनी मिळून सुमारे ०.२ चौरस मीटर जागा. साठ बांबूंत ९५-१०० चौरस मीटर, म्हणजे तुमच्या पाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. प्रयोगांत याहून बरीच जास्त लावतात, पण सुरुवात एवढ्याने करा. तुकडे आधी दोन आठवडे टाक्यात भिजवा आणि ते लालसर पाणी तळ्याबाहेर फेका.

बांबू तळात रोवू नका, प्लास्टिक फाटेल. या काठावरून त्या काठावर नायलॉनची दोरी ताणा आणि तुकडे उभे टांगा. बांबू तरंगतो, म्हणून खालच्या टोकाला गोण्याच्या चिंधीत गुंडाळलेला दगड बांधा. चिरलेल्या कडा घासून घ्या. टोक तळापासून दोन फूट वर राहू द्या, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोरी आखडा. निम्म्या तळ्यातच टांगा, उरलेलं मोकळं ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी एक तुकडा वर काढून नखाने खरवडा. तपकिरी-हिरवट, मऊ थर आला आणि मधे मधे बोटभर रुंद उघडे पट्टे दिसले, तर रोहू चरतोय. मग खाद्य थोडं कमी करून बघा. थर जाड, काळपट झाला आणि कुजका वास आला, तर मासे तिकडे फिरकत नाहीत किंवा तिथे ऑक्सिजन पोचत नाही. तो तुकडा काढून उन्हात वाळवा. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तळवा दिसतो का, हेही रोज बघा. दिसत नसेल तर शेवाळ दाट आहे, शेण आणि खत बंद.

जाळं ओढायच्या आदल्या दिवशी दोऱ्या एका काठावरून सोडून दुसऱ्या काठाला ओढून घ्या. तुकडे सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवले तर थर जिवंत राहतो आणि परत टांगल्यावर लगेच कामाला लागतो. पाणी तपासलंत की पीएच आणि अमोनियाचा आकडा, दुपारचा आणि पहाटेचा असे दोन्ही, इथे टाका.