एकाच गायकाचे इतके 'ग्रेटेस्ट हिट्स', मग घ्यायचा कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांना साठीनिमित्त रेकॉर्ड प्लेयर घेतलाय, सोबत चार-पाच एलपी द्यायच्यात. यादीत एल्टन जॉन, कारपेंटर्स, अब्बा, मडोना, बोनी एम. शोधायला बसलात तर एकेकाचे आठ-आठ 'बेस्ट ऑफ' समोर आले आणि डोकं चक्रावलं. त्यात कुणीतरी ऐकवलं की संग्रह हे आळशी माणसाचं काम, दर्दी माणूस मूळ अल्बमच घेतो. शिवाय फोनवर सगळं असताना संग्रहावर पैसे का घालवायचे, हीही शंका आहेच.

दर्दी वगैरे राहू द्या. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकात इंग्रजी पॉप ऐकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात संग्रहापासूनच झाली. दुकानात परदेशी गायकाच्या एक-दोनच कॅसेटी असायच्या, त्यातली एक हमखास 'हिट्स'ची. महिनाअखेरीला खिशात एकाच कॅसेटचे पैसे असले की माणूस ओळखीची बारा गाणी असलेलीच उचलणार. मीही त्यातलाच, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पण सगळे संग्रह सारखे नसतात. इतकी वर्षं ऐकून माझं एक मत झालंय, ते आधी सांगतो. चांगला संग्रह तेव्हाच निघतो जेव्हा काहीतरी संपलेलं असतं. एकतर गायकाचा पहिला बहर सरलेला असतो, नाहीतर गटाचं कामच थांबलेलं असतं. कारकीर्द चालू आहे, दर तीन वर्षांनी नवा अल्बम येतोय आणि प्रत्येक अल्बममधलं एखादं गाणं यादीत कोंबायचंय, अशा वेळी निघालेला संग्रह बहुधा फुगलेला असतो.

हा प्रकार मुळात म्हाताऱ्या गायकांसाठी नव्हताच. या धर्तीचा पहिला संग्रह म्हणून सहसा जॉनी मॅथिसच्या 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'चं नाव घेतात. साल १९५८, आणि जॉनीचं वय २२! सुट्या तबकड्यांवर आलेली त्याची गाणी कंपनीने एका एलपीवर आणली, आणि ती एलपी अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ४९० आठवडे राहिली. नऊ वर्षांहून जास्त. त्यानंतर कुठल्या कंपनीला शहाणपण शिकवायची गरज उरली नाही. तारखा बघा: कारपेंटर्स नोव्हेंबर १९७३, एल्टन जॉन नोव्हेंबर १९७४, क्वीन ऑक्टोबर १९८१, मडोना नोव्हेंबर १९९०, बीटल्सचा 'वन' नोव्हेंबर २०००. सगळे नाताळच्या तोंडावर. म्हणजे तुमच्यासारखेच, भेट काय द्यावी या विवंचनेत असलेले लोक हेच यांचं खरं गिऱ्हाईक.

आता एल्टन जॉन. त्याचे संग्रह मोजायला बसू नका. १९७४चा पहिला, १९७७चा दुसरा, कंपनी बदलल्यावर १९८७चा तिसरा, मग १९९०, २००२, २००७, २०१७. मी तरीही १९७४चाच घ्यायला सांगेन. दहाच गाणी. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे नीट आवाज बसत नाही, त्यामुळे निवड करणाऱ्याला हात आखडावाच लागायचा. एल्टन तेव्हा २७ वर्षांचा होता आणि अंगात नुसता सळसळता जोर होता. यात 'टायनी डान्सर' नाही म्हणून आज लोक हिरमुसतात. पण १९७२ साली ते गाणं अमेरिकेत पहिल्या चाळिसातही गेलं नव्हतं. २००० साली एका चित्रपटात बसभर माणसं ते म्हणताना दिसली आणि मग ते घराघरात पोचलं. उलट 'बॉर्डर साँग' अमेरिकेत ९२व्या क्रमांकावर अडकलेलं, तरी १९७४च्या यादीत दिमाखात बसलंय. हिट्सच्या यादीत हिट न झालेलं गाणं! मला हे फार आवडतं, कारण त्यात कुणाची तरी पसंती दिसते, नुसता हिशेब नाही. २००२च्या दोन सीड्यांच्या संग्रहात 'टायनी डान्सर' आहे, पण सोबत नंतरच्या वर्षांचं बरंच मवाळ, गुळगुळीत सामानही आहे. पहिली सीडी परत परत लागते, दुसरी कोरी करकरीत राहते.

एक खबरदारी. १९७४चा अमेरिकन आणि ब्रिटिश संग्रह वेगळा आहे. अमेरिकेतल्या आवृत्तीत 'बेनी अँड द जेट्स', तर ब्रिटनमधल्या आवृत्तीत त्या जागी 'कँडल इन द विंड'. कव्हर तेच, त्यामुळे मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सासऱ्यांना 'कँडल' हवं असेल आणि हातात 'बेनी' पडलं तर जावयाची पंचाईत.

कारपेंटर्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या लेखी संग्रह कसा करावा याचा वस्तुपाठ 'द सिंगल्स १९६९-१९७३' हाच आहे. बारा गाणी. गायिका करेन तेव्हा अवघी २३ वर्षांची, तिचा भाऊ रिचर्ड तिच्याहून जवळपास साडेतीन वर्षांनी मोठा. रिचर्डने नुसती जुनी गाणी ओळीने लावून दिली नाहीत. सुई टेकवलीत की आधी 'क्लोज टू यू'चे काही ओळखीचे सूर येतात. वाटतं, हां, हेच लागलं. आणि त्यातून अलगद 'वुई'व्ह ओन्ली जस्ट बिगन' सुरू होतं. 'क्लोज टू यू' पूर्ण ऐकायला मिळतं ते थेट दुसऱ्या बाजूच्या शेवटी. पहिल्या बाजूच्या शेवटी 'सुपरस्टार', 'रेनी डेज अँड मंडेज' आणि 'गुडबाय टू लव्ह' ही तिन्ही गाणी एकमेकांत गुंफली आहेत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. एक उदास गाणं संपतंय म्हणेपर्यंत दुसरं हात धरतं. वेगवेगळ्या अल्बमांतली ही गाणी जणू एकाच बैठकीत झाल्यासारखी वाटतात.

'टिकेट टू राइड' तर या संग्रहासाठी नव्याने गायलंय. १९६९ साली करेन एकोणीस वर्षांची होती, आवाज कोवळा होता. चार वर्षांनी तेच शब्द म्हणताना तिच्या खालच्या सुरांना जी जाडी आलीये ती ऐकाच. मूळ अल्बम ऐकायचा हट्ट धरणाऱ्याला हे गाणं या रूपात मिळणारच नाही. पुढे १९८३मध्ये करेन गेली. त्यानंतर अनेक संग्रह आले, आणि रिचर्डला जुन्या ध्वनिमुद्रणांवर पुन्हा पुन्हा हात फिरवायची सवय असल्याने त्यांतली बरीच गाणी नव्याने मिसळलेली (रिमिक्स) आहेत. वाईट नाहीत, पण १९७३चा गोफ त्यात नाही.

तुमच्या 'प्लेलिस्ट का नको' या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. फोनवरची 'बेस्ट ऑफ' यादी बहुतेक वेळा जास्त ऐकल्या गेलेल्या गाण्यांना वर ढकलत तयार होते. त्यात कुणी ठरवलेलं नसतं की या गाण्यानंतर ते का. ती तीन गुंफलेली गाणी उलटसुलट क्रमाने लागली की मधला सांधा कचकन तुटतो.

अब्बाच्या बाबतीत फार विचार करू नका, 'गोल्ड' घ्या. १९८२ला गट थांबला, १९९२ला हा संग्रह आला. मधल्या दहा वर्षांत अब्बा ऐकतो म्हणायची लोकांना थोडी चोरीच होती, ती या १९ गाण्यांनी घालवली. ब्रिटनच्या अल्बम-यादीतल्या पहिल्या शंभरात एक हजार आठवडे काढणारा हा पहिला अल्बम, तो टप्पा त्याने २०२१मध्ये गाठला. क्रम सालावारी लावलेला नाही. सुरुवात 'डान्सिंग क्वीन'ने आणि ज्या गाण्याने १९७४ची युरोव्हिजन स्पर्धा जिंकून दिली ते 'वॉटरलू' थेट शेवटी. पहिला मोठा विजय शेवटी ठेवायला छाती लागते.

मडोनाचा 'द इमॅक्युलेट कलेक्शन' हा माझ्या मताला छेद देणारा, म्हणून मुद्दाम सांगतो. १९९०, ती ३२ वर्षांची, कारकीर्द ऐन भरात, काहीच संपलेलं नाही. आणि तरी संग्रह पक्का. कारण कात्री निर्दयपणे चालवलीये. 'हूज दॅट गर्ल' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं, तरी घेतलं नाही. 'ट्रू ब्लू' ब्रिटनमध्ये पहिलं, तेही बाहेर. एका सीडीत मावतील तेवढी १७ गाणी, बस. दोन नवी गाणी जोडली, आणि सहसा अशी जोडलेली नवी गाणी म्हणजे मापात पाप असतं, पण इथे त्यातलं 'जस्टिफाय माय लव्ह' स्वतःच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मात्र हे लक्षात असू द्या: बरीचशी गाणी मूळ स्वरूपात नाहीत. शेप पेटीबोन या संगीत-निर्मात्याने ती नव्याने मिसळली आणि क्यूसाउंड नावाच्या तंत्रातून काढली. 'लाइक अ प्रेयर' मूळ अल्बमवर जसं ऐकलंय तसं इथे ऐकू येणार नाही. मला मूळचंच जास्त आवडतं. माझ्या बायकोला हे आवडतं. घरात यावर तोडगा निघालेला नाही.

नियम लावून केलेले संग्रह मला कोरडे वाटतात. बीटल्सचा 'वन' घ्या: ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली २७ गाणी. नियम सरळ आहे, खप प्रचंड झाला. पण त्या नियमापायी 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' बाहेर राहतं आणि त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं 'पेनी लेन' आत येतं. नियमाला कान नसतात. ईगल्सचा १९७६चा संग्रह घेणाऱ्यालाही आधीच सांगतो, त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही. संग्रह फेब्रुवारीत आला, ते गाणं असलेला अल्बम त्याच वर्षी डिसेंबरात.

यादीत नसलं तरी क्वीनचं नाव घेतो, निदान पाचगणीसाठी तरी. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि शाळेतच त्याने पहिला बँड काढला. त्यांचा १९८१चा 'ग्रेटेस्ट हिट्स' ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. पुढे आणखी गाजलेली गाणी झाली तेव्हा त्यांनी पहिल्या संग्रहाला ठिगळं जोडली नाहीत. १९९१मध्ये, फ्रेडी जाण्याच्या काही आठवडे आधी, वेगळा दुसरा भाग काढला. शहाणपण याला म्हणतात.

राहिला बोनी एम, आणि इथेच सर्वात जास्त फसगत होते. मूळ गट १९८६मध्ये फुटला, त्यानंतर त्यातले कलाकार आपापले ताफे घेऊन याच नावाने कार्यक्रम करत राहिले. शिवाय पुरुषी आवाज मुळात निर्माता फ्रँक फारियनचा होता. मंचावर नाचणारा बॉबी फॅरेल ओठ हलवत असे. त्यामुळे स्वस्तातल्या संग्रहांत नंतर पुन्हा गाऊन घेतलेली गाणी सर्रास सापडतात. फोटो जुना, नाव तेच, आणि लावल्यावर ढोलाच्या जागी डबा वाजतोय. फक्त बोनी एमच नव्हे, साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी गायकांनी हे केलंय, कारण जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतात आणि नव्याने गायलं तर पैसे आपल्याला मिळतात. त्यांचं चूक नाही, पण आपण पैसे कशाचे देतोय ते कळायला हवं. कव्हर उलटं करा, गाण्यांच्या यादीखालची बारीक अक्षरं वाचा. 'री-रेकॉर्डेड' किंवा 'न्यू रेकॉर्डिंग्ज बाय द ओरिजिनल आर्टिस्ट' असं काही दिसलं तर जागच्या जागी ठेवून द्या. मूळ वर्ष आणि मूळ कंपनीचं नाव छापलेलं असेल तर निर्धास्त घ्या. बोनी एमचा १९८०चा 'द मॅजिक ऑफ बोनी एम' मिळाला तर उत्तम, वीस गाणी आहेत आणि सगळी त्या काळची.

जुनी एलपी घेणार असाल तर ती उजेडात तिरकी धरून चरे बघा, आणि विकणारा लावून दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ला बंद झालं, तिथे निवांत उभं राहून निवडायची चैन आता नाही. नव्या छपाईच्या एलपी ऑनलाइन मिळतात, फक्त अब्बा आणि मडोना दोन-दोन तबकड्यांचे असल्याने महाग पडतात.

आणि खरेदीआधी एक करा. सासऱ्यांकडे तेव्हा नेमकी कुठली कॅसेट होती ते सासूबाईंकडून काढून घ्या, जमल्यास माळ्यावरच्या खोक्यातून शोधून काढा. ज्याने एक संग्रह वर्षानुवर्षं ऐकलाय त्याच्या कानात गाण्यांचा क्रमही पक्का बसलेला असतो. एक संपलं की पुढच्याची पहिली ओळ आपोआप तोंडात येते. तेव्हा मी वर काहीही म्हटलं असलं तरी त्यांची कॅसेट १९९०च्या एखाद्या फुगलेल्या संग्रहाची निघाली, तर तोच घ्या.