पीसीव्ही व्हॉल्व्ह: इंजिन उतरवण्याआधी हे तपासा

प्रश्न: पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह बदला असं सांगितलंय, पण तो करतो काय?

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑईल असलेल्या भागात) उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि तो तिथेच कोंडला की ऑईलचा चिखल होतो, प्रेशर वाढून सील गळायला लागतात. पूर्वी एक पाईप खाली रस्त्याकडे सोडलेला असायचा, सगळी घाण हवेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्याने लोक हैराण झाले आणि हा गॅस परत इनटेकमध्ये (इंजिन हवा आत घेतं त्या वाटेत) ओढून जाळायची पद्धत गाड्यांमध्ये आली.

किती ओढायचा ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. आत फक्त एक प्लंजर आणि एक स्प्रिंग. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात पण गॅस कमी, तेव्हा तो व्हॅक्यूमच प्लंजरला खेचून वाट अरुंद करतो. गाडी चालायला लागली की व्हॅक्यूम उतरतो, स्प्रिंग प्लंजर मागे ढकलते, वाट मोठी होते. फुल थ्रॉटलला ओढायला व्हॅक्यूमच उरत नाही आणि गॅस मात्र सगळ्यात जास्त, मग उरलेला गॅस ब्रीदर पाईपने उलटा एअर फिल्टरच्या बाजूला जातो (एरवी याच पाईपने ताजी हवा आत येते). आणि बॅकफायर झाला तर प्लंजर मागे आपटून वाट बंद करतो, म्हणजे आग क्रँककेसमध्ये शिरत नाही. एवढ्याशा पार्टमध्ये इतकं सगळं बसवलंय, मला तर याचं फार कौतुक आहे.

प्रश्न: टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं तरी ऑईल गळतंच, डिपस्टिकही वर उचलली जाते. मेकॅनिक म्हणतो बॅक कम्प्रेशन आहे (रिंगा झिजून गॅस खाली उतरतोय), इंजिन काम करावं लागेल.

थांबा, इतक्यात इंजिन खोलू नका. पीसीव्ही चोक झाला तरी हीच लक्षणं दिसतात, आणि प्रेशर तसंच राहिलं तर तिसरं पॅकिंगही गळणार. इंजिन आयडलिंगला ठेवा, पीसीव्ही टॅपेट कव्हरमधून उपसा, होज लागलेलाच राहू दे, आणि उघड्या तोंडावर अंगठा ठेवा. ओढ लागली पाहिजे. नाही लागली तर व्हॉल्व्ह, होज किंवा मॅनिफोल्डचं भोक, काहीतरी तुंबलंय. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवून बघा, खुळखुळ वाजला पाहिजे, पण वाजला म्हणजे चांगलाच असं धरू नका, स्प्रिंग ढिली झालेला व्हॉल्व्हही वाजतो. होज काढून वाकवून बघा. वरून धडधाकट दिसतो आणि नेमका वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे हात पोचत नाही तिथे, चिरलेला नाहीतर ऑईलने फुगून दबलेला असतो. नवा टाकताना ऑईलला टिकणाराच होज घ्या, आणि व्हॉल्व्ह त्याच इंजिनचा, कारण दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाचा फ्लो वेगळा असतो.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी ऑईल कॅपमधून भकाभक गॅस येतोय, तर मग कम्प्रेशन आणि लीक डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करून घ्या. इंजिनचा निर्णय त्यानंतर.

प्रश्न: आयडलिंग वरखाली होतं, शिट्टीसारखा आवाज येतो, स्कॅनरवर पी०१७१ कोड. इंजेक्टर साफ केले, काही फरक नाही.

चालू इंजिनवर ऑईल कॅप उघडायचा प्रयत्न करा. कॅप आतून ओढल्यासारखी घट्ट बसली असेल आणि उघडताच शिट्टी थांबत असेल तर आतला रबरी डायफ्राम फाटलाय असंच समजा. बऱ्याच नव्या इंजिनांत प्लंजरऐवजी डायफ्राम असतो आणि तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो. फाटला की न मोजलेली हवा आत येते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून तो कोड. काही इंजिनांना डायफ्राम सुटा मिळतो, काहींना अख्खं कव्हर बदलावं लागतं. कार्ब क्लीनर मारून साफ करायच्या भानगडीत पडू नका, रबर खराब होतं.

प्रश्न: कॅपखाली पांढरट मलई जमते. हेड गॅस्केट गेलं का?

कूलंट कमी होतंय का? नसेल तर बहुतेक थंडीतल्या छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे वाफ जमतेय. इंजिन पूर्ण गरम होईल अशी लांब चक्कर मारा आणि पीसीव्ही एकदा बघून घ्या. कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी आधी दाखवा.

प्रश्न: टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन आहे. व्हॉल्व्ह काढून होज बाहेर सोडला तर इनटेकमध्ये कार्बन साठणार नाही ना?

कृपया असं करू नका. ओढच गेली की वाफ क्रँककेसमध्ये राहते आणि ऑईल लवकर खराब होतं, शिवाय तो विषारी गॅस लोकांच्या नाकात जातो, आणि बऱ्याच देशांत हे बेकायदाही आहे. तुमची काळजी चुकीची नाही, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही त्यामुळे ऑईलची वाफ तिथे चिकटून राहते. त्यासाठी कॅच कॅन (गॅसमधलं ऑईल आणि पाणी अडवून साठवणारा डबा) लावा, पण बंद सिस्टीमचा, गॅस परत इनटेकमध्येच गेला पाहिजे. टर्बोमध्ये बूस्ट आला की मॅनिफोल्डकडची वाट चेक व्हॉल्व्हने बंद होते आणि गॅस दुसऱ्या होजने टर्बोच्या तोंडाशी जातो, म्हणून कॅन कुठल्या लाईनवर बसवताय ते आधी बघा. आणि तो वेळच्या वेळी रिकामा करा, कडाक्याच्या थंडीत त्यातलं पाणी गोठून लाईनच बंद होते.