नवं आलं की आधी ‘का’ विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आयटीआयमध्ये कॉम्प्युटरच्या ज्या मदरबोर्डांवर हात बसवला, त्यातला एकही आता दुरुस्तीच्या दुकानात येत नाही; आणि जे येतात त्यांची नावं पाठ होईपर्यंत पुढचं काहीतरी बाजारात आलेलं असतं. “सर, मी कधी पोचणारच नाही असं वाटतं,” असं तू लिहिलंस. हे वाक्य मला लागलं. ज्या मुलांना कामाची चाड असते त्यांच्याच मनात ते येतं.

भीती खोटी नाही. इंटेलच्या साध्या डेस्कटॉपची सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागा, बघ: २००४ साली एलजीए ७७५, मग २००९ ला ११५६, २०११ ला ११५५, २०१३ ला ११५०, २०१५ ला ११५१, २०२० ला १२००, २०२१ ला १७००, २०२४ ला १८५१. वीस वर्षांत आठ. ही यादी मी तोंडपाठ लिहिलेली नाही, पत्राला बसण्याआधी पडताळून घेतली. पाठ करण्याजोगं तिच्यात काही नाहीच, उलट पाठांतर इथे दगा देतं. ११५१ हे नाव दोन पिढ्यांच्या बोर्डांवर आहे, पण २०१७ साली आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याआधीच्या ११५१ बोर्डावर चालत नाही. नाव पाठ असलेला माणूस इथे गिऱ्हाइकाचे पैसे घालवतो. कंपनीच्या पानावर बोर्डाचा मॉडेल नंबर टाकून कुठला प्रोसेसर चालतो आणि त्याला कुठलं बायोस (बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) लागतं हे बघणारा वाचतो. तेव्हा गिऱ्हाइकासमोर मोबाइल काढून तपासायला अजिबात संकोच करू नकोस. डॉक्टरही औषधाचा डोस बघून घेतात.

मला तुला मुख्यतः एकच सांगायचं आहे. नवी वस्तू हातात आली की तिचा वेग आणि किंमत नंतर बघ. आधी विचार, की जुनीला काय अडचण होती म्हणून ही आली?

जुन्या हार्ड डिस्कची, आयडीईची ती रुंद पट्टीसारखी केबल तू भंगारात पाहिली असशील. तिच्यातून एकाच वेळी अनेक तारांवरून बिट जायचे. वेग वाढवत नेला तसे दोन त्रास सुरू झाले. शेजारच्या तारांचा एकमेकींना उपद्रव व्हायला लागला, आणि एकत्र निघालेले बिट पलीकडे एकत्र पोचेनात. पहिल्या त्रासावर उपाय म्हणून चाळीसच्या जागी ऐंशी तारांची केबल आली, मधल्या चाळीस तारा नुसत्या ग्राउंडच्या. तरी सेकंदाला १३३ एमबीच्या पुढे गाडी सरकली नाही. मग सगळ्या तारांना एकत्र पळवण्याचा हट्टच सोडला आणि थोड्या तारांवरून एकामागून एक, पण फार वेगाने बिट पाठवायला सुरुवात केली. ते साटा. त्याच कारणाने बोर्डावर कार्डं लावायचं पीसीआय गेलं आणि २००३ साली पीसीआय एक्स्प्रेस आलं.  तू हे दोन वेगळे धडे म्हणून शिकलीस. कारण धरलंस तर तो एकच धडा आहे.

आता याच कारणाला धरून पुढे ये. रॅम मात्र आजही समांतर तारांवरच चालते. मग डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅमच्या वेगाला ते बिट एका वेळी पोचतात कसे? बोर्ड पहिल्यांदा चालू झाल्यावर प्रत्येक तारेचा वेळ मोजून जुळवून घेतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. म्हणूनच नव्या डीडीआर ५ मशीनवर पहिल्यांदा पॉवर दिली की कधी कधी काही मिनिटं पडदा काळाच राहतो. रॅम बदलली किंवा बोर्डाची सेटिंग टिकवणारी सीमॉसची बॅटरी काढून लावली तरी पुन्हा तसंच होतं. ज्याला कारण माहीत नाही तो ‘नो डिस्प्ले’ म्हणून तीस सेकंदांत पॉवर बंद करतो, रॅम काढतो, खोडरबर मारतो, परत लावतो, आणि दर वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू करायला लावतो. चांगला बोर्ड खराब ठरवून परत पाठवला जातो. तू मात्र पंखा फिरतोय आणि बोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) दिवा लागलाय हे बघून शांतपणे थांबशील. हे बळ जुन्या केबलच्या समजेतून येतं, नव्या मॉडेलांच्या यादीतून नव्हे.

रॅमचंच अजून एक. व्होल्टेज बघत ये: पहिल्या डीडीआरला २.५ व्होल्ट, डीडीआर २ ला १.८, डीडीआर ३ ला १.५, डीडीआर ४ ला १.२, आणि डीडीआर ५ ला १.१. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडवरून १.२ वर आलं तर बाकी सगळं तसंच ठेवून खर्च सुमारे ३६ टक्के उतरतो. उष्णतेने अडवलं म्हणून हे झालं. प्रोसेसरचंही तेच. पेंटियम ४ हा २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झला येऊन थबकला, ४ चा बेत सोडावा लागला, आणि मग एकाच कोअरला (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या गाभ्याला) पळवण्याऐवजी कोअर वाढवायची वाट धरली गेली. आज गिऱ्हाईक “किती कोअर?” विचारतं, त्याचं मूळ तिथे आहे.

एनव्हीएमईबद्दल, म्हणजे एसएसडीच्या वेगवान पद्धतीबद्दल, थोडक्यात, कारण ते तुला लवकर उमगेल. साटाची कामाची रांग फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कसाठी आखलेली होती: एक रांग, तिच्यात ३२ कामं, आणि वेगाची हद्द सेकंदाला सुमारे ६०० एमबी. एसएसडी चिपवर साठवते, तिला तबकडीच नाही; तिला ती रांग फार तोकडी पडली, म्हणून ती पीसीआय एक्स्प्रेसवर गेली. एवढं कळलं की एम.२ हे छोट्या पट्टीसारख्या एसएसडीच्या फक्त आकाराचं नाव आहे हेही कळतं. त्या आकाराच्या जागेत काही जुन्या लॅपटॉपवर फक्त साटाच चालतं. गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेली एनव्हीएमई तिथे बसेल, पण दिसणार नाही. पाकीट फोडण्याआधी हे तपास, म्हणजे त्याला ती परत करता येईल.

आणि जे बदललंच नाही त्याचं काय? वीज, उष्णता, जोड, धूळ. २०२२ साली ग्राफिक्स कार्डांना वीज देणारा सोळा पिनांचा नवा कनेक्टर आला आणि काही महागड्या कार्डांवर तो वितळला. एवढी ताजी वस्तू, पण गणित शाळेतलंच. ६०० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५० अँपिअर, ते त्यातल्या १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटून प्रत्येकीवर आठाहून जास्त. कनेक्टर जरासा बाहेर राहिला की जोडाचा रोध वाढतो आणि जोड तापतो. नंतर त्याची रचना सुधारली, तरी पूर्ण आत बसलाय ना हे बोटाने आणि डोळ्याने बघण्याचं काम तुझंच राहणार.

तुझ्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी अर्थिंगची वाटते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं सांगणारं गिऱ्हाईक आलं तर एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून त्याला वाटेला लावू नकोस. त्याच्या घरच्या प्लगला तिसरी पिन आहे पण मागे अर्थिंगच नाही, असं फार ठिकाणी असतं. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला सांग, आणि पावतीवर तसं लिहून दे. एसएमपीएस उघडायचा मोह मात्र आवर. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो.

अजून एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. व्हिडिओत दिसणारं मशीन आणि तुझ्या टेबलावर येणारं मशीन यांच्यात पुष्कळ वर्षांचं अंतर असतं. सेतू केंद्र, पतपेढी, शाळेची लॅब, वकिलांचं ऑफिस, इथली मशीनं जुनी आहेत आणि लोकांची कामं त्यांच्यावरच चालतात. म्हणजे तुला सगळ्यात पुढे पळायचं नाहीये. पंधरा वर्षांचा पल्ला सांभाळायचा आहे, आणि त्यासाठीही कारणंच कामाला येतात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून तुझ्याकडे गर्दी असेल. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची. सातव्या पिढीचं चांगलं चालणारं मशीन घेऊन आलेल्या माणसाला “हे भंगारात टाका” सांगणं सोपं आहे आणि त्यात दुकानाचा नफाही आहे. तसं सांगू नकोस. त्याला आधी विचार, मशीनवर काय करता? नुसतं टायपिंग, ईमेल आणि ब्राउझर असेल तर एसएसडी टाकून उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम लावून दाखव. युनिकोड मराठी त्यावर व्यवस्थित चालतं. पण त्याचं काम विंडोजवरच्या टॅलीवर किंवा जुन्या मराठी फॉन्टांवर अडलेलं असेल तर तेही स्पष्ट सांग आणि नवं घ्यायला लाव. कुठूनतरी आडवाटेने विंडोज ११ चढवून, “झालं काम” म्हणून ज्याच्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्याला परत पाठवणं मला मान्य नाही. पुढे अपडेट अडलं तर त्याला कळणारही नाही.

आणि फॉरमॅट मारण्याआधी डेटा. याबद्दल मी कडक आहे हे तुला माहीत आहे. “डी ड्राइव्हमध्ये काही नाही” असं गिऱ्हाईक म्हणालं तरी उघडून बघ. डेस्कटॉपवर मुलीच्या लग्नाचे फोटो असतात आणि टॅलीचा डेटा भलत्याच फोल्डरमध्ये. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नकोस, बंद ठेव आणि डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठव.

तू विचारलंस त्या कोर्सबद्दल. ‘लेटेस्ट हार्डवेअर’ नावाचा, पुण्यातला, फी ऐकून मी चाट पडलो. माझ्या मते घेऊ नकोस. ज्या मॉडेलांवर तो शिकवतील ती दोन वर्षांनी जुनी होतील आणि तू पुन्हा असंच पत्र लिहिशील. चिप लेव्हलचं काम खरोखर शिकवत असतील, म्हणजे सर्किट वाचणं, मोजणं, सोल्डरिंग, तर गोष्ट वेगळी. आधी एक दिवस बसून बघायला परवानगी माग. नाहीतर त्यातल्या थोड्या पैशांत एक चांगला मल्टिमीटर घे आणि भंगारवाल्याकडून वेगवेगळ्या काळातले चार-पाच बोर्ड आण. पुण्याला जाशील तेव्हा तपकीर गल्लीत आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मार. विकत काही घेतलं नाहीस तरी वस्तू हातात घेऊन बघ, विक्रेत्याला विचार की कुठलं काय परत येतं. ते लोक खरं सांगतात, कारण परत आलेला माल त्यांच्याच डोक्यावर बसतो.

एक वही ठेव. गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, मग तू आधी काय तपासलंस, आणि शेवटी काय निघालं. मॉडेल नंबर कोपऱ्यात लिही.

त्या पतपेढीच्या मशीनबद्दल: दुपारीच हँग होतं आणि सकाळी ठीक चालतं, असं लिहिलंस. रॅम बदलण्याआधी त्या खोलीत दुपारी दोन वाजता स्वतः जा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलंय का, प्रोसेसरवरच्या हीटसिंकवर धूळ किती, त्याखालची पेस्ट वाळलीय का, आणि त्या वेळी शेजारी झेरॉक्स किंवा एसी चालू होतो का, ते बघ. प्रोसेसरचं तापमान आणि प्लगचं व्होल्टेज, दोन्ही सकाळी आणि दुपारी नोंदव. आकडे आणि बोर्डाचा फोटो मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच असतो, फोन कर.

तुझा,
सर

ता. क. त्या एलजीए बोर्डाचं प्लास्टिकचं झाकण फेकू नकोस. २००४ पासून इंटेलच्या या सॉकेटांत पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात, आता एएमडीच्या एएम ५ वरही. झाकण नसेल आणि एक पिन वाकली असेल तर दुकानदार वॉरंटीत बोर्ड परत घेत नाही.